आईच्या मिठागरासाठी लॅपटॉप

समस्त नातेवाईक, सोसायटीचे आजी-माजी पदाधिकारी आणि माझ्या शहाणपणावर अजूनही विश्वास ठेवून असलेले तुरळक हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत इसमाने पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता असा एक लॅपटॉप घेण्याचा निश्चय केला आहे, जो पापडासारखा पातळ असेल, उलटा मिटून पाटासारखा सपाट होईल आणि ज्याची ताकद त्याच्या अंगात नसून शेजारी ठेवलेल्या एका डब्यात असेल. हरकती आजच नोंदवाव्यात. उद्या त्या विचारात घेतल्या जाणार नाहीत.

ही घोषणा मी खरोखर केली होती. नेरुळच्या आमच्या घरात, रविवारी सकाळी, पोह्यांचा चमचा राजदंडासारखा उंच धरून. सभेला एकच श्रोता हजर होता, तो म्हणजे बायको.

"आधी तोंडातलं गिळा," ती म्हणाली. "आणि ताकद डब्यात म्हणजे? मग लॅपटॉपात काय असणार, पोहे?"

तिला सगळं नीट सांगावं लागलं, तसं तुम्हालाही सांगतो.

मी पोट भरतो ते इमारतींची चित्रं काढून. बांधलेल्या इमारतींची नव्हे, न बांधलेल्या. बिल्डर लोक मोकळ्या जागेवर पत्रे ठोकतात आणि त्या पत्र्यांवर जी झळझळीत चित्रं लागतात ना, निळाशार पोहण्याचा तलाव, फुगा धरलेली मुलगी, कुत्र्याला फिरवणारं सुखी जोडपं, ती माझी कामगिरी. खारघरचा डोंगर मी आजवर कितीतरी वेळा उचलून डावीकडे ठेवलेला आहे, कारण तो बाल्कनीतून दिसत नव्हता. डोंगराने कधी तक्रार केली नाही. थोडक्यात, जे अजून झालेलं नाही ते झाल्यासारखं दाखवणं हा माझा धंदा. जे होतं आणि आता नाही, ते दाखवायला मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग आईने सांगितलं. म्हणजे तसं तिने सांगितलं नाही, पण ऐका.

आई राहते बेलापूरच्या अंगाला, दिवाळे गावाजवळच्या आमच्या गावठाणातल्या घरात. वरचे मजले भाडेकरूंना दिलेत, तळमजला तिचा. माहेर तिचं जासईच्या पलीकडचं. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, तिथे मिठागर होतं. त्या मिठागरावर ती वाढली. लग्नाआधी डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिल्या, लग्नानंतरही हंगामात माहेरी गेली की वाहिल्या. मला तिथली एकच गोष्ट आठवते. मी लहान आहे, गोणपाटावर झोपलोय, डोळे किलकिले केले की सगळीकडे पांढरंच पांढरं, आणि लांबून कोणीतरी पाण्यातून फळी ओढल्याचा सर्रर्र आवाज. बस्स, एवढंच. आजोबा गेले, जमीन गेली, मामा मुंबईला गेले. फोटो म्हणाल तर एक नाही. मिठागराचा फोटो काढावा असं तेव्हा कोणाला वाटणार? आज आपण गटाराचा काढतो का?

गेल्या थंडीत आई म्हणाली, "मना यकदा मिठागर बघाचाय." आम्ही गाडी काढली. आईने ठेवणीतली साडी नेसली, माहेरी जायचं म्हणून डोक्यात अबोलीचा गजरा माळला आणि पिशवीत दिवाळ्याच्या सुक्या बोंबलांचा एक वाटा घेतला, कारण माहेरी रिकाम्या हाताने जायचं नाही.

"तिथे कोण आहे आता खायला?" बायकोने हळूच विचारलं.

"असल कोन तरी," आई म्हणाली.

तिथे एक भिंत होती. भिंतीपलीकडे कंटेनर. लाल, निळे, गंजके, एकावर एक रचलेले, जणू कोणा राक्षसाच्या पोराने खेळ मांडून ठेवलाय. ट्रेलरांची रांग लागलेली. आई गाडीतून उतरली. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि विचारलं, "खाडी कनच्या अंगाला?"

मी फोनवर नकाशा उघडून तिच्यापुढे धरला. तिने फोनकडे पाहिलंच नाही. मान वर करून ती हवेचा वास घेत होती. डिझेलखेरीज तिथे कसलाही वास नव्हता. गेटवरच्या माणसाला तिने बोंबील देऊन टाकले. तो बिचारा गोंधळून "हे कशाचं, मावशी?" विचारत राहिला.

परतीच्या रस्त्याला ती उलवे येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि माझी आई गप्प बसते तेव्हा काळजी करायची असते. घरापाशी उतरताना गाडीचं दार धरून म्हणाली, "यकदा तरी तिथं उभी राहिले असते रं."

झालं. डोंगर इकडचा तिकडे करणारा मी, मला एक मिठागर करता येऊ नये? आईने जागा सांगायची, मी उभी करायची आणि मग तिने त्या बांधावरून चालायचं. पडद्यावर का होईना.

पहिला प्रयत्न कागदावर केला. फसला. आईने पेन्सिल धरली, एक रेघ ओढली, ती वाकडी गेली आणि तिने हात मागे घेतला. "नासला तुजा कागद." मी म्हटलं दुसरा घे, तर म्हणाली, "तो बी नासल." चूक दिसत राहते म्हणून ती पुढे जाईना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिला असं काहीतरी हवं, ज्यावर वाकडी रेघ बोटाने पुसली की गेली. शिवाय आई टेबलापाशी बसत नाही. ती जमिनीवर बसते, एक पाय लांब करून. म्हणजे मांडीवर पाटासारखा मावेल आणि मांडी भाजणार नाही असा पडदा हवा. म्हणून तो पातळ, उलटा मिटणारा लॅपटॉप.

पण पाणी, ऊन, मिठावरची चकाकी, हे खरं वाटेल असं उभं करायचं आणि त्यातून चालायचं तर दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. ते ज्या लॅपटॉपात असतं तो पाट्या-वरवंट्यासारखा जड, आणि चालू केला की धक्क्यावरून लाँच सुटल्यासारखा घरघरतो. ऑफिसातलं माझं यंत्र तर कपाटाएवढं. तेव्हा उपाय एकच. लॅपटॉप पातळ घ्यायचा आणि कार्ड वेगळ्या डब्यात बसवून घरी ठेवायचं. दिवसा लॅपटॉप आईच्या मांडीवर. घरी आलो की एक केबल डब्यात खुपसायची, की हा पापड पैलवान.

"म्हणजे माहेरी लाडकी लेक आणि सासरी आली की कामाला जुंपली," बायको म्हणाली. "घ्या. तुमच्या आईसाठी आहे म्हणून घ्या."

वाशीतल्या दुकानात गेलो. मालक साताऱ्याकडचे, पोट काउंटरवर टेकवून उभे राहणारे. मी पोर्ट तपासायला प्रत्येक लॅपटॉप कडेने उचलून डोळ्यापाशी नेत होतो, कारण सगळी खोच तिथेच असते. भोकं दिसायला सगळी सारखी, पण डबा चालतो तो फक्त ज्या भोकाशेजारी बारीकशी विजेची खूण कोरलेली असते त्यावर. बाकीची नुसती चार्जिंगला आणि किरकोळ कामाला.

"आवो दादा, लॅपटॉप बघताय का घोड्याचे दात?" मालक म्हणाले.

मी डब्याची योजना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे वळून जाहीर केलं, "बघा, अंगात न्हाई ताकद, ती डब्यातनं आणायची म्हंत्यात! त्यापरीस हा घ्या की. जाड हाय, पण घरचं खाऊन हाय."

"मांडीवर घ्यायचाय. आईला."

"आईला?" ते थांबले. "वय काय आईचं?"

"सत्तरीच्या पुढे."

"आणि गेम खेळत्यात?"

मी मिठागराचं सांगितलं. त्यांनी काउंटरवरचं पोट मागे घेतलं. मग स्वतःच खालच्या खणातून एक राखाडी रंगाचा, वहीएवढा पातळ लॅपटॉप काढला, बिजागरी पुढेमागे करून दाखवली, तंबूसारखा उभा केला, पाटासारखा पाडला. डाव्या बाजूला विजेची खूण होती. एकच, पण होती. "ह्यात मेमरी आत्ताच जादा घ्या," ते म्हणाले, "हिला बोर्डालाच डाख दिलेला असतोय, नंतर वाढवता यायची न्हाई. आन आईस्नी म्हणावं, आमच्याकडं धरणात गाव गेलंय. ते बी हुतं का ह्यात?"

होतं म्हणालो. त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ चार्जरबद्दल बोललो.

लॅपटॉप घेऊन थेट आईकडे गेलो, आणि नाटकाचा दुसरा अंक तिथे झाला.

आमच्यात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. होडी असो, स्कूटर असो, मिक्सर असो. मिक्सरच्या भांड्याला आमच्या घरी अजून हळदीचा डाग आहे. त्यामुळे आईने ताट आणलं तेव्हा मी निवांत होतो. झाकणावर बोट टेकवील, आटोपेल. पण आईने लॅपटॉप हातात घेऊन सगळीकडून न्याहाळला, मी दुकानात न्याहाळला होता तसाच, आणि तिचं बोट नेमकं डाव्या कडेवर थांबलं.

"ही काय? ईज?"

"हो. विजेची खूण आहे."

"ईज हाय ह्याच्यान?"

इथे तुम्हाला मिठागर डोळ्यापुढे आणावं लागेल. कोसभर उघडं रान, झाड नाही, झोपडी नाही, आणि त्यात उभ्या माणसाचं डोकं हीच काय ती उंच वस्तू. हंगामाच्या शेवटी आभाळ कडाडायला लागलं की मिठाच्या राशी पेंढ्याने झाकायला बायका धावायच्या. त्या धावण्यात आईने एक मावशी गमावलेली. तेव्हा विजेला हात जोडल्यावाचून आई पुढे जाणं शक्यच नव्हतं. मी "अगं नको" म्हणेपर्यंत तिने हळद कालवली, कुंकू कालवलं आणि त्या इवल्याशा खुणेवर, म्हणजे नेमक्या त्या भोकावर, भक्तिभावाने दाबून लावलं. वर चार अक्षता चिकटवल्या. मग म्हणाली, "आथा नाय काय करची ती."

खरोखरच ती आता काही करणार नव्हती. घरी येऊन डब्याची केबल लावायला गेलो तर आत जाईना. उजेड धरून पाहिलं. अख्ख्या लॅपटॉपात ज्या एका भोकासाठी मी वाशी पालथी घातली, त्यात एक तांदळाचा दाणा आडवा बसला होता. हळदीत भिजलेला, आरामात.

मी डोकं धरून बसलो. बायको आली, तिने पाहिलं आणि हसत हसत सोफ्यावर पडली. हसून झाल्यावर उठली, नव्या झाडूतून एक हीर उपसली, तिचं टोक चाकूने तासलं आणि म्हणाली, "बंद करा आधी ते. पूर्ण बंद. आणि माझ्या कानाशी श्वास टाकू नका." सुईत दोरा ओवतानाचा चेहरा करून तिने तो दाणा उकरून काढला, मग कोरड्या ब्रशने कुंकू झाडलं. केबल बसली. डब्याच्या पंख्याने एकदा भुर्र केलं आणि थांबला. पडद्यावर कार्डाचा पत्ता नाही. परत झाडलं, परत लावली. तिसऱ्यांदा पंखा फिरत राहिला.

"आईंना सांगू नका," बायको म्हणाली.

"छे. सांगितलं तर उद्या डब्याची पूजा करायला येईल."

त्यानंतरच्या दुपारी मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. आई जमिनीवर, पाय लांब केलेला, मांडीवर तो राखाडी पाट. पेन तिने नाकारलं. बोटाने काढायची, आणि सवयीने आधी बोट जिभेला लावायची. पडद्याला ओलं बोट कळत नाही, मग ती त्याला शिव्या द्यायची, "मेला शिवू देत नाय," मग बोट पदराला पुसायची. पहिल्यांदा तिने खाडी काढली. मग भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी. मग बांध. मोठ्या खाचरातून लहान खाचरात, लहानातून त्याहून लहानात, पाणी कसं आटत आटत शेवटी मिठाला येतं ते तिचं बोट दाखवत जायचं. रेघ चुकली की ती स्वतःच पुसायची आणि आनंदाने म्हणायची, "गेली!"

"बांध किती रुंद, आई?"

"दोन बायका टोपल्या घेऊन समोरासमोर आल्या तर कोनी पान्यात परू नये, यवरा."

आता हे माप कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं? मी घरी बायकोला आणि शेजारच्या वहिनींना डोक्यावर कपड्यांच्या टोपल्या देऊन पॅसेजमधून समोरासमोर चालवलं आणि टेपने मोजलं. वहिनी अजून माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

पाणी मी आधी निळं केलं होतं. हात बसलेला ना निळ्यावर. आई बघून म्हणाली, "ह्यो तर तुज्या सोसायटीच्या चित्रातला तलाव." मग तिने मला सांगितलं की मीठ धरायच्या आधी पाणी गुलाबी होतं. एवढी वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो, जेवलो, भांडलो, आणि माझ्या आईचं बालपण गुलाबी पाण्याच्या काठाला गेलं हे मला ठाऊक नव्हतं. गुलाबी म्हणजे कसं, विचारलं तर तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी ओठ उलटा करून आतली बाजू दाखवली. "असा."

तो रंग मी घेतला. सगळं घेतलं. आवाज घेता आला नाही, तो फळीचा सर्रर्र. पुष्कळ शोधला, बनवूनही पाहिला, नाही जमला. वास तर प्रश्नच नाही. काम संपत आलं तसं मला ते उरलेलंच जास्त दिसायला लागलं. माझ्या चित्रांतले फुगेवाले आणि कुत्रेवाले बघून कोणी कधी रडलेलं नाही. इथे मात्र भीती वाटू लागली की आई बघेल, मान हलवेल, "चांगला काढलास" म्हणेल, जसं शेजाऱ्याच्या पोराच्या चित्राला म्हणतात. आणि पुन्हा ती उलव्यापर्यंतची शांतता.

डबा आईकडे न्यायचा ठरला, कारण ती आमच्या नवव्या मजल्यावर येत नाही. लिफ्टमध्ये तिला कोंबड्यांच्या खुराड्यात घातल्यासारखं वाटतं. स्कूटरवर मी पुढे, मागे बायको, तिच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला डबा. गेटवर वॉचमनने हात जोडले. "आत्ता कुठला गणपती, साहेब?"

"हा उशिराचा," बायको म्हणाली.

दुपारची वेळ. आईने आधी जेवायला घातलं. मग डब्याची एक वायर टीव्हीला, केबल लॅपटॉपला. केबल लावताना मी मनातल्या मनात तांदळाच्या दाण्यांची माफी मागितली. पंखा फिरला, फिरत राहिला. टीव्हीवर आधी काळोख, मग ऊन आलं.

माघातली सकाळ केली होती मी. लांब खाडी, अलीकडे उघाडी, बांधांच्या रेघा, गुलाबी पाणी, आणि शेवटच्या खाचरांत पांढरं धरू लागलेलं मीठ. आई खाटेच्या कडेला पुढे सरकून बसली. बोलली नाही. मी लॅपटॉपच्या कळा दाबत बांधावरून चालायला लागलो, तिच्या चालीने, सावकाश. उघाडीपाशी थांबलो. तिने पदर तोंडाला लावला. बायको माझ्याकडे बघत होती, मी आईकडे, आई टीव्हीकडे. राशींच्या बाजूने वळलो, पाणी उन्हात हललं, तरीही काही नाही. गेलं, म्हटलं. परत ती भिंत, परत ते कंटेनर.

काय करावं कळेना म्हणून मी बांधावरून खाली उतरलो आणि सरळ मिठाच्या खाचरात पाऊल टाकलं. आई खाटेवरून ताडकन उठली, टीव्हीकडे हात केला आणि गल्लीत ऐकू जाईल अशी ओरडली:

"चपला काड रं मेल्या, मीठ हाय ते!"